उभी राहील तिला चिखल

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात भाताच्या रोवणीला बायका एकदा वाकल्या की बांधी, म्हणजे ते खाचर, संपेपर्यंत उठायचं नाही, असा रिवाज. मध्येच जी पाठ सरळ करील तिला चिखलाचा गोळा. नेम सगळ्यांचा चांगला. दुसऱ्या कुठल्या कामात गावात एवढी एकी नाही.

गोकुळा या रांगेची म्होरकी. मागल्या वर्षी चिंचेवरून पडली, मणका मोडला. नागपूरला त्यात स्क्रू आणि सळया बसवल्या. "वाकायचं नाही," डॉक्टर म्हणाले. गोकुळानं ते ऐकून घेतलं. पण रोवणी चुकली की रांगेतली जागा जाते, आणि त्या जागेवर डोळा असलेल्या दोघी तर रोज तिची विचारपूस करायला येत.

तिच्याकडेच वाढलेली भाची रुपाली नागपुरात याच सळयांवर संशोधन करते. तिच्याकडचं यंत्र नकली मणक्याला वाकवतं, सरळ करतं, पुन्हा वाकवतं. स्क्रू ढिले होईपर्यंत. आषाढात ती मामीच्या पाठीला मोजमापाच्या पट्ट्या लावायला आली.

"मामी, रोवणीसारखी वाक."

गोकुळा अंगणात अदबीनं वाकली, उठली. पुन्हा वाकली, पुन्हा उठली. लॅपटॉपवरची रेघ शहाण्यासारखी वर-खाली झाली.

"चांगलं हाय नं? मंग जाऊ दे मले."

"थोडं थोडं कर बाप्पा," रुपाली विरघळली.

इथं गप्प राहिली असती तर गोकुळा जिंकली होती. पण "आता खरी रोवणी पाह्य," म्हणत ती पट्ट्यांसकट समोरच्या बांधीत उतरली, वाकली आणि भाताचे परे लावत मागं मागं सरकू लागली. रेघ खाली गेली. तिथंच राहिली. मग हळूहळू आणखी खाली घसरू लागली, सळयांवरचा भार वाढत चालल्यासारखी.

"मामी, उठ नं!"

"काऊन उठू? चिखल खाऊ?"

रुपाली रेघेकडे बघत राहिली. यंत्राला तिच्या प्रयोगशाळेनं वाकून उठायला शिकवलं होतं. वाकून राहायला शिकवलंच नव्हतं. तिला तरी कुठं ठाऊक होतं? शाळा बुडते म्हणून मामीनंच तिला कधी बांधीत उतरू दिलं नव्हतं.

"या वर्षी नाई मामी. पहिले मी यंत्राले असं वाकवून ठेवतो, मंग पाहू."

"रोवणी तुह्या यंत्राले कराची हाय का मले?"

पट्ट्या काढताना रुपालीचा हात व्रणावर जरा जास्तच वेळ राहिला.

रोवणीच्या दिवशी गोकुळा धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, उभी. तिच्या जागी अर्थातच विचारपूसवाल्यांपैकी एक.

"किती पातळ लावतं गं? मधातून बैलगाडी जाईन!" गोकुळा तिथूनच ओरडली.

वाकलेल्या पाठी हसल्या. रांगेतून एक गोळा सुटला आणि थेट गोकुळाच्या पदरावर बसला.

"उभी काऊन हायेस गं तू?"

तिनं तो संध्याकाळपर्यंत पुसला नाही.