मोठ्या आवाजाचा टीव्ही

जितेंद्रच्या घरी कोणती मालिका लागली आहे, हे कळायला त्याच्या घरात जावं लागत नसे. तोंडवलीच्या रस्त्यावरून जाणाऱ्यालाही मालिकेतल्या सासूने सुनेला काय सुनावलं ते शब्दन्‌शब्द ऐकू येई. टीव्हीचा आवाज शेवटच्या टोकाला आणि समोर खुर्ची ओढून बसलेल्या सावित्रीबाई. जितेंद्रची आई, वय बहात्तर. आतल्या खोलीत त्यांची दहावीतली नात संचिता कानांत बोटं घालून इतिहास वाचायची. शिवणयंत्रावर बसलेली जितेंद्रची बायको रसिका मध्येच हात थांबवून ओरडायची, "आये, आवाज कमी करा!"

"कमळाकर? कमळाकर खंय इलो?" सावित्रीबाई दाराकडे बघत विचारायच्या.

'कमी करा'चं 'कमळाकर' झालेलं ऐकून घरात हशा पिकायचा. जितेंद्र ग्रामपंचायतीत लिपिक होता. तो हा कमळाकरचा किस्सा कार्यालयात रंगवून सांगे, तिथेही सगळे पोट धरून हसत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वाचकहो, अशा हशात आपणही कधी ना कधी सामील झालोच आहोत.

आषाढ लागला आणि टीव्हीने मान टाकली. आधी आवाज फाटका यायला लागला, मग पडद्यावर उभ्या रेघा उमटल्या. दुरुस्ती करणारा बाबली आला. त्याने मागचं झाकण उघडलं आणि मान हलवली.

"जितू, स्पीकर परत फाटलो. गेल्या वर्षीच नवो घातलंय मी. इतक्या मोठ्यान लावलास तर कसो टिकतलो? आणि पडदो पण गेलो. आता ह्येच्यार खर्च करू नको. नवो घे."

नवा घ्यायचा, पण कोणता? रसिकाने शिवणातून आणि जितेंद्रने नारळाच्या विक्रीतून बाजूला ठेवलेले पंचवीस हजार रुपये होते. त्यापलीकडे जायचं नाही, हप्त्याने तर मुळीच घ्यायचं नाही, यावर दोघांचं एकमत होतं. मतभेद होता तो टीव्हीच्या मापावर.

"बत्तीस इंची पुरे आपल्या खोलयेक," रसिका म्हणाली.

"चतुर्थीक गुरुप्रसाद येतलो मुंबईसून. तेच्या घराक भिंतभर टीव्ही आसा. आपल्याकडे एवढोसो बघून तेची बायको काय म्हणात?" जितेंद्र म्हणाला. "आणि आयेक आवाज मोठो लागता. मोठो टीव्ही आणि वांगडा वेगळो स्पीकर. एकदाच काय तो खर्च होवंदे."

आईचं नाव पुढे केलं की रसिकाला काही बोलता येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि मनातून त्याला स्वतःला ते पटलंही होतं. धाकट्या भावापुढे आपण कमी पडत नाही, आणि आईसाठीही करतो आहोत!

रविवारी तो आईला घेऊनच मालवण बाजारात गेला. टीव्ही तीच जास्त बघते, तर पसंतीही तिचीच, असं त्याने घरात सांगितलं होतं.

महादूकाकांचं टीव्हीचं दुकान जुनं. काका स्वतः सत्तरी ओलांडलेले, पण रोज गल्ल्यावर हजर. उजव्या कानामागे बोटाच्या पेराएवढं ऐकण्याचं यंत्र आणि त्यातून कानात गेलेली पातळ नळी. काका ते कधी टोपीखाली लपवत नसत. दुकानात काम करणारी पूजा एकेक टीव्ही चालू करून दाखवू लागली. जितेंद्र सरळ त्रेचाळीस इंची टीव्हीपुढे जाऊन उभा राहिला. स्पीकरसकट बरोबर पंचवीस हजार.

"ह्यो बघूया. आये, ह्यो कसो वाटता?" तो मोठ्याने म्हणाला.

पडद्यावर एक बाई गात होती. बाकीच्या टीव्हींच्या कलकलाटात काकांनी सावित्रीबाईंकडे पाहून विचारलं, "वयनी, आवाज बरो आसा मां? आयकाक येता मां?"

सावित्रीबाईंनी पडद्याकडे बघत मान डोलावली. "बरो आसा. झकास. गळो गोड आसा हिचो."

पूजा गोंधळली. ती हळूच म्हणाली, "काका, ह्येचो आवाज बंद आसा. मी अजून चालू नाय केलंय."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती खो-खो हसली. जितेंद्रही हसला. उद्या कार्यालयात सांगायला नवा किस्सा मिळाला, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. सावित्रीबाईंनी सगळ्यांचे हसरे चेहरे पाहिले आणि काय झालं ते न कळताच त्याही ओशाळं हसल्या.

हसले नाहीत ते एकटे महादूकाका.

"जितेंद्र, हसतंस कित्याक?" ते शांतपणे म्हणाले. "तुझी आवस पांगळी असती आणि चलताना पडली असती, तर हसलं असतंस?"

जितेंद्रचं हसू जागीच विरलं. काकांनी एक स्टूल ओढलं आणि सावित्रीबाईंच्या अगदी समोर बसले. ओरडले नाहीत. तोंडावर उजेड पडेल असे बसून, एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं, "वयनी, तुमका आयकाक येना नाय. मगे 'बरो आसा' म्हणून कित्या सांगलास?"

सावित्रीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मुलाकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घातली.

"दुसऱ्यांदा विचारलंय काय घरातली चिडतत. तिसऱ्यांदा विचारलंय काय हसतत. म्हणान आता विचारूचाच सोडलंय. 'हो' म्हटला, 'बरो' म्हटला काय सुटलंय." त्या थांबल्या, मग हळूच म्हणाल्या, "टीव्ही माझ्यार हसणा नाय, काका. म्हणान तेच्याम्होरे बसतंय."

आईला मालिकांचं वेड आहे, असं जितेंद्र इतकी वर्षं सांगत होता. हे वेड नव्हतं! भरल्या घरात एकटी पडलेली आई त्या डब्यापुढे जाऊन बसत होती!

"बघ," काका त्याला म्हणाले, "ह्यो मोठो टीव्ही मी तुका आताच्या आता विकतंय. माझो फायदोच आसा. पण स्पीकर कितीव मोठो घे, तो नुसती गाणी मोठ्यान आयकवतलो. सुनेची हाक, नातीच्या गप्पा-गजाली, मागसून येणारी गाडी, ह्या कोण आयकवतलो? टीव्हीच्या गळ्याक नाय, आवशीच्या कानाक औषध व्हया." त्यांनी आपल्या कानामागच्या यंत्रावर बोट ठेवलं.

"पण ह्या वयात..." जितेंद्र बोलून गेला आणि अडखळला. या वयात एवढा खर्च, आणखी किती वर्षं ती वापरणार, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. आपल्याच मनातला तो हिशेब पाहून त्याला स्वतःची शिसारी आली.

काका समजले असावेत. पण त्यांना उत्तर द्यावं लागलंच नाही, कारण विरोध दुसरीकडूनच आला.

"माका नको ता यंत्र," सावित्रीबाई घाईने म्हणाल्या. काकांच्या कानाकडे पाहून विषय त्यांच्या लक्षात आला होता. "लोक म्हणतले, म्हातारी भयरी झाली."

"आणि ह्यो नाकावरचो चष्मो कोणाचो?" काकांनी विचारलं.

"माझो."

"मगे लोक म्हणतत काय, म्हातारी आंधळी झाली?"

सावित्रीबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"डोळ्याक काच लायली तर माणूस वाचूक बसलो म्हणतत, आणि कानाक यंत्र लायला तर भयरो झालो म्हणतत! ह्यो खंयचो न्याय? मी पण दोन वर्सां लाजलंय, वयनी. गिऱ्हाईक एक मागी, मी दुसराच काढून देय. पोरांनी दुकानात येवचा बंद कर म्हणून सांगल्यानी. तेव्हा लाज सोडलंय. लाज सोडली आणि दुकान ऱ्हवला!"

त्या दिवशी जितेंद्र टीव्ही न घेताच परतला. रसिकाने दारातच विचारलं, "टीव्ही खंय?" त्याने दुकानात घडलेलं सगळं सांगितलं, स्वतःच्या हसण्यासकट. रसिका सासूबाईंना हाताला धरून आत घेऊन आली. कमळाकरच्या किश्शाला पहिली हसणारी तीच असायची.

त्याच आठवड्यात जितेंद्रने रजा टाकली आणि आईला ओरोसच्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी कानातला मळ काढला, मग कानांवर पट्टा चढवून तपासणी केली.

"आजींची ऐकण्याची नस वयामुळे अशक्त झाली आहे. यंत्राने चांगलं ऐकू येईल," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही पाच-सहा वर्षं आधी यायला हवं होतं. बराच काळ ऐकू आलं नाही की माणूस बोलायचाही थांबतो."

पंचवीस हजारांत मग एका कानाचं यंत्र बसलं, आणि उरलेल्या पैशांत महादूकाकांकडचा बत्तीस इंची साधा टीव्ही. टीव्ही निवडायला या वेळी पाच मिनिटंही लागली नाहीत. खोली लहान, बघणारी माणसं चार, त्याला हे माप पुरेसं होतं.

यंत्र लावलं आणि सगळं गोड झालं, असं मात्र घडलं नाही. पहिल्या दिवशी सावित्रीबाईंना भांड्यांचा आवाज घणासारखा लागला. "माझ्या कपाळात माशयो घुमतत," म्हणत त्यांनी यंत्र काढून डबीत टाकलं. दुसऱ्या दिवशीही तेच. रसिकाने शिवण बाजूला ठेवून रोज अर्धा तास त्यांच्यापाशी बसायचं ठरवलं. आधी शांत खोलीत, मग पडवीत, मग स्वयंपाकघरात. संचिताने बॅटरी बदलायचं काम आपल्याकडे घेतलं. सगळ्यांनी ठरवलं की आईशी समोर येऊन बोलायचं, मागून ओरडायचं नाही. जितेंद्र दोनदा चुकला, दोन्ही वेळा संचिताने त्याला टोकलं.

महिनाभरात यंत्र सकाळी उठल्यावर आपोआप कानात जाऊ लागलं. टीव्हीचा आवाज इतका खाली आला की संचिताला कानांत बोटं घालून अभ्यास करायची गरज उरली नाही. अडचण झाली ती वेगळीच. एकदा जितेंद्र स्वयंपाकघरात पुटपुटला, "आज आमटेक मीठ जास्त झालाहा." बाहेरून लगेच उत्तर आलं, "मी घातलंय ता मीठ! जेवचा तर जेव, नाय तर ऱ्हव!" नवरा-बायको एकमेकांकडे बघतच राहिली. मग तिघंही हसली, आणि या वेळी सावित्रीबाईंना ठाऊक होतं की हसू कशाचं आहे.

चतुर्थीला गुरुप्रसाद कुटुंबासह आला. टीव्हीकडे बघून तो सहज बोलून गेला, "अरे, एवढोसोच घेतलंस?" जितेंद्रला वाटलं होतं, हा प्रश्न आपल्याला झोंबेल. तो झोंबला नाही.

"मोठो घेवचो होतो. पण आधी आयेक आयकाक येवचा महत्त्वाचा वाटला," तो म्हणाला.

गुरुप्रसाद आईजवळ जाऊन बसला. गेली दोन वर्षं तो फोन करायचा तो जितेंद्रलाच. आईला फोनवर काही कळत नाही, उगाच ओरडत बसावं लागतं, म्हणून "आयेक सांग, मी बरो आसय" एवढ्यावर भागवायचा. आता आईने त्याला विचारलं, "तुझ्या पाठीचा दुखणा कसा आसा रे?" तो हळू आवाजात सांगू लागला, आणि ती मध्ये मध्ये प्रश्न विचारत राहिली. मुंबईतल्या कामाचा ताण, पाठीची दुखणी, मुलाची परीक्षा. आरतीसाठी हाक आली तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"मी फोनार तुझ्याशी बोललंय नाय गो इतक्या दिवस," तो म्हणाला.

"आता बोल," आई म्हणाली. "रोज नको. आयतवारी केलंस तरी चलात."

पुढच्या ग्रामसभेत रस्ते आणि पाण्याचे विषय संपल्यावर जितेंद्र लिपिकाच्या खुर्चीवरून उठला. "कोणाकोणाच्या घरात टीव्ही मोठ्यान लागता?" त्याने विचारलं. हसत हसत वीसेक हात वर झाले. तो हसला नाही. आपण आपल्या आईवर किती वर्षं हसलो, ते त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. एकेक हात खाली आला. आणि मागच्या बाकावरचे लवूआजोबा, ज्यांना लोक तोंडावर 'भयरो लवू' म्हणत, ते शेजाऱ्याला विचारत होते, "काय सांगता तो? माका पण सांग." शेजारी या वेळी चिडला नाही. त्यांच्याकडे तोंड वळवून त्याने सगळं पुन्हा सांगितलं. दिवाळीआधी गावात कानतपासणीचं शिबिर घ्यायचा ठराव त्याच सभेत झाला.

वाचकहो, आपल्या घरातलं एखादं वडीलधारं माणूस पुन्हा पुन्हा "काय?" विचारत असेल, तर त्याच्यावर हसू नका आणि चिडूही नका. कानाला यंत्र लावण्यात लाज नाही. आपल्याच माणसाला भरल्या घरात एकटं पाडण्यात मात्र आहे! नवी वस्तू घराची शोभा वाढवते, पण घरातल्या प्रत्येकाला एकमेकांचं बोलणं ऐकू यावं, ही घराची पहिली गरज आहे. खर्च करायचा असेल, तर तिथून सुरुवात करावी.