चार लोकांतली माफी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि पत्र्याचं एक लहानसं प्रार्थनाघर मनासमोर आणा. पिंगळी स्टेशनाकडून येणारा कच्चा रस्ता कालव्याला लागतो ना, तिथे ते उभं आहे. आत खुर्च्या नाहीत, दोन सतरंज्या आहेत. भिंतीला टेकवून एक ढोलकी ठेवली आहे आणि तिच्यावर धूळ बसली आहे. त्या ढोलकीकडे बघत बसलेली दहा वर्षांची मुलगी दिसली का? ती राजेश्री.

गावात ख्रिस्ती घरं सहाच, आणि त्या सहा घरांत राजेश्रीच्या वयाचं दुसरं लेकरू नव्हतं. आईवडील कामाला पुण्याला. रविवारी वर्गातल्या मुली कालव्यावर खेळत असत, तेव्हा ही आजोबांशेजारी सतरंजीवर. तिला दोस्त म्हणाल तर एकच, ढोलकी वाजवणारे पप्पूकाका. उपासना संपली की ते ढोलकी तिच्यापुढे सरकवत.

"हाण, वडीलबाई! पत्रा उडाला पायजे."

वडीलबाई का, तर तिचे आजोबा किशनराव मंडळीचे, म्हणजे त्या सहा घरांच्या ख्रिस्ती समाजाचे, वडील होते; कारभार बघणाऱ्या मोठ्या माणसाला तिथे वडील म्हणत. धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, परभणीहून महिन्यातून एकदा येत. बाकीच्या रविवारी उपासना आजोबाच चालवत.

सोयाबीनच्या मळणीचे दिवस होते. एका रविवारी ऐन प्रार्थनेत पप्पूकाकांची मान ढोलकीवर पडली. आजोबा थांबले.

"पप्पू, झोपायचंच असंल तर घरी गोधडी न्हाई का रं? देवाचं घर म्हंजे धर्मशाळा हाय व्हय?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं राजेश्री हसली. पप्पूकाका उठले, ढोलकी भिंतीला टेकवली आणि निघून गेले. त्यांच्या केसांत भुसा अडकला होता, हे तिला तेव्हा दिसलं. त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. रात्रभर मळणीयंत्रावर राबून, घरीसुद्धा न जाता, ते तसेच उपासनेला आले होते.

ते कळल्यावर आजोबांना जेवण गेलं नाही. दिवेलागणीला ते राजेश्रीला घेऊन पप्पूकाकांच्या घरी गेले आणि उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "चुकलं माझं, पप्पू."

पप्पूकाकांनी वर पाहिलं नाही. "बोललात चार लोकांत, वडील. आन् माफी मागायला अंधार पडायची वाट बघितली व्हय?"

आजोबा माघारी वळले. परतताना एरवी ते तिचा हात धरत. त्या दिवशी तो धरायचाही त्यांना विसर पडला.

तीन रविवार पप्पूकाका आले नाहीत. ढोलकीवाचून गाणी विस्कटली. गाणं उचलणाऱ्या कमलबाई पुढे पळत, बाकीचे मागे राहत. उपासनेनंतर लोक लगेच घरी जात, आणि राजेश्री रिकाम्या सतरंजीवर एकटीच बोटं वाजवत बसे. ढोलकीला हात लावावा असं तिला वाटेना.

शनिवारी आजोबा तिचं पाठांतर घेत. त्या शनिवारी बायबलच्या परीक्षेसाठी पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातला भाग होता, मंडळी सांभाळणारा माणूस कसा असावा ते सांगणारा. राजेश्री भराभर म्हणू लागली. पाहुणचार करणारा असावा. शिकवण्यात कुशल असावा. दारू पिणारा नसावा. सौम्य असावा...

इथे ती अडली. "पुढं काय, आजोबा?"

आजोबांना तो भाग चाळीस वर्षं तोंडपाठ होता. पण ते म्हणाले,

"मी बी तिथंच अडकलोय, पोरी."

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी वाटून घ्यायची प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला पांढऱ्या कापडाखाली मांडला होता. पाळकसाहेबांनी कापडाला हात घातला, तेवढ्यात आजोबा उठले.

"साहेब, जरा थांबा. मला मंडळीशी बोलायचंय. मी पप्पूला तुमच्यासमोर हिणवलं. थकला का, म्हणून इचारलं न्हाई. वडिलानं असं वागू नये. चूक माझी हाय."

कमलबाई कुजबुजल्या नाहीत, मोठ्यानंच म्हणाल्या, "अवो, त्यो हितं न्हाईच. तुमी सांगायलात कुणाला?"

"ज्यांच्यासमोर बोललो, त्यांना."

"आन् वडिलानंच असं पडतं घेतल्यावर उद्या तुमचं ऐकंल कोण?"

"नका ऐकू," आजोबा म्हणाले. "पन पप्पूशी समेट झाल्याबिगर मी ह्या भाकरीला हात लावनार न्हाई."

ते पुढची जागा सोडून दाराजवळ, जिथे चपला काढतात, तिथे जाऊन बसले. कुणी त्यांच्याजवळ सरकलं नाही. भाकर हातोहात फिरली, आजोबांपाशी आली आणि त्यांनी ती न घेताच पुढे दिली. त्यांची मान खाली होती. राजेश्रीला आजोबा एवढे लहान कधी दिसले नव्हते.

ते फक्त बोलले होते. हसलं कोण होतं?

राजेश्री उठली. आजोबांच्या जवळून, चपला न घालता, बाहेर पडली आणि कालव्याच्या कडेनं पळत सुटली. पप्पूकाकांच्या घरासमोरच्या हापशावर पाच-सहा बाया पाणी भरत होत्या. पप्पूकाका ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते. तिला वाटलं, बाया जाईपर्यंत थांबावं. मग तिला अंधारातला तो उंबरा आठवला.

ती हापशापाशीच उभी राहिली आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "काका, त्या दिवशी सगळ्यांत जास्त मी हसले होते. माझं चुकलं."