नीळकंठकाकांच्या डोक्यावरचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पण माझ्यात पोळीभाजी नव्हे, वीज असायची. आत एक सेल, बाहेर दोन वायरी, त्यांच्या टोकांना मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज आणि पुढे दोन दिवे, हिरवा आणि लाल. पक्षाघातानंतर ज्यांची आठवण आणि लक्ष थाऱ्यावर राहत नाही, त्यांच्या डोक्याला मी मंद वीज देत असे. ती नीट आत गेली की हिरवा दिवा, नाही तर लाल. लोक मला ‘शॉकची मशीन’ म्हणत, तेव्हा मला भारी राग यायचा. माझी वीज मुंगी चालल्याइतकीच लागायची!

२००८ साली डॉक्टर वैदेहींनी मला नागपूरहून उसना मागून बालाघाटला नीळकंठकाकांच्या घरी आणलं. काका निवृत्त मास्तर. पक्षाघातातून त्यांचा हात सावरला, पण घरचा रस्ता हरवला. एकदा तर ते किरनापूरच्या बसमध्ये बसून निघून गेले. तेव्हापासून अहिल्याकाकू बाजारात जाताना बाहेरून कडी लावत आणि काका आतून दार ठोठावत राहत. काकूंना ते ऐकवत नसे.

साऱ्यांची आशा माझ्यावर, आणि मी मात्र रोज लाल! वीज आत जातच नव्हती. वैदेहीताईंनी सेल बदलला, वायरी बदलल्या, तरी तेच. स्पंज टेकताच कारण मला कळत होतं. पण मला तोंड कुठे होतं? आतल्या आत नुसता तडफडत होतो.

शेवटी लांजीहून आलेला काकांचा मुलगा चिन्मय वैतागला. “बंद करा जी हे! बाबाले उगाच त्रास देऊन राह्यलो आपण. मी दोघायले लांजीले घेऊन जातो. या घराले कुलूप लावून टाकू.”

काकूंचा चेहरा उतरला. काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

ताई मला पिशवीत भरू लागल्या. स्पंज पिळताना त्यांची बोटं चिकट झाली. त्यांनी ती नाकाशी नेली.

“काकू, यांच्या डोक्याला तेल लावता काय?”

“हौ, रोज लावते न. चांगलं चोपडून. डोक्यात करंट जाते म्हणता, मंग डोकं गरम नाही होणार काय?”

“तेलातून करंट जात नाही न काकू!”

“म्हणजे मीच...” म्हणत काकूंनी स्वतः शिकेकाईने काकांचं डोकं धुतलं. ताईंनी पुन्हा स्पंज बांधले, बटण दाबलं. हिरवा! इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

चिन्मय एकटाच परतला. चमत्कार मात्र झाला नाही. मी चालू असताना ताई काकांकडून गल्लीचा नकाशा काढून घेत. काका चुकत, चिडत, पुन्हा बसत. काही आठवड्यांनी एका सकाळी ते चपला घालून म्हणाले, “दूध आणतो.” काकूंनी छातीवर दगड ठेवून दार उघडलं. काका कोपऱ्यावर दिसेनासे झाले. काकू उंबऱ्यावर, मी टेबलावर. वेळ जाता जाईना.

काका आले. हात रिकामे.

“काय आणाले गेलतो मी?”

काकू रडता रडता हसल्या. “राहू द्या जी. तुम्ही घरी आले न!”

मित्रांनो, आता मी नागपूरच्या एका कपाटात पडून असतो. माझा सेलही कुणी काढून ठेवलेला नाही, तो आतच गळून मला गंजवतोय, पण त्याचं सोडा. तुमच्या घरी कुणी असं रिकाम्या हातांनी परतलं, तर आधी त्यांना बसू द्या, पाणी द्या. दुधाचं नंतर विचारा.