सुताराच्या घरचं पाणी

प्रयोगशाळेतल्या बाई पाण्याच्या नमुन्यासाठी बाटल्या घेऊन पोहण्याच्या तलावावर पोचल्या, तेव्हा सुतार बेडूकमामाला फरशीवर पाडून तलावातला कचरा काढायच्या जाळीच्या दांड्याने गुरासारखा बडवत होता.

“माझी पोर खाल्लीस! तुझ्या घाण पाण्यानं खाल्ली!”

बेडूकमामा तलावाचा रखवालदार. नाव पोरांनीच ठेवलेलं. सुताराची मुलगी त्याच्याच हाताखाली पोहायला शिकली. मग एक दिवस डोकं दुखायला लागलं, ताप चढला आणि बघता बघता पोर हातची गेली. पाण्यातला अमिबा नाकावाटे मेंदूत शिरला, असं डॉक्टर म्हणाले. कुठल्या पाण्यातला, हे शोधणं बाईंचं काम.

बाई मध्ये पडल्या. पुढचा फटका त्यांच्या मनगटावर बसला.

“अहो, मरेल तो!”

“मरू दे!”

लोकांनी सुताराला ओढून बाजूला केलं, तोवर मामाचा जबडा मोडला होता. रक्ताच्या गुळण्या टाकत तो काहीतरी सांगू बघत होता, शब्द फुटेना.

सुजल्या हाताने बाईंनी तलावाचं पाणी भरून घेतलं. मग सुताराच्या घरचं घेतलं, न्हाणीतलं आणि गच्चीवरच्या टाकीतलं.

“घरचं कशाला?” सुतार गुरगुरला.

“सगळीकडचं बघावं लागतं, दादा.”

प्रयोगशाळेत त्यांनी एकेक पाणी गाळलं, गाळणीचा कागद जिवाणूंचा थर दिलेल्या बशीवर पालथा घातला आणि बश्या उबेत ठेवल्या. अमिबा असला, तर जिवाणू फस्त करत जातो आणि मागे वाट उरते. तलावाच्या बशीवरचा थर तसाच राहिला. मामाने औषध टाकण्यात कधी कुचराई केली नव्हती. न्हाणीच्या बशीवर एखाददुसरी वाट, टाकीच्या बशीवर मात्र वाटाच वाटा. बाईंनी त्यांच्या टोकाचा तुकडा कापून नव्या बशीवर लावला. तिथेही तेच. मुलीच्या मेंदूत सापडला होता तो हाच, हे तपासून पक्कं झालं.

कळवायला टपाल पुरलं असतं. पण बाई स्वतः सुताराच्या घरी गेल्या.

“तलाव स्वच्छ आहे, दादा. तुमच्या टाकीत सापडला.”

“खोटं! त्यानं फितवलंय तुम्हाला!” सुताराने त्यांचा गळा धरून त्यांना भिंतीवर आदळलं. डोळ्यांपुढे अंधारी आली.

“सोडा त्यांना!” दारातून त्याची बायको ओरडली. “टाकीचं झाकण उडालं, तेव्हापासून ओरडतेय मी, नवीन करा म्हणून. जगाची दारं-खिडक्या केलीत, घरचं झाकण रोज उद्यावर! आणि पोर त्याच टाकीचा पाइप नाकातोंडावर धरून खेळायची, दुपारभर.”

सुताराची पकड सुटली.  घण उचलून तो गच्चीवर धावला.

टाकी फुटली तरी घाव थांबेनात. प्रत्येक घावाबरोबर वरून जनावरासारखा हंबरडा येत होता. पाणी धबाधबा जिना उतरून अंगणात पसरलं.

बायको वर गेली नाही. बाईंना तिने हात देऊन उठवलं, पाठीवरची माती झटकली. मग पाण्यावर तरंगत निघालेल्या दोन छोट्या चपला उचलून पदराने पुसल्या आणि कोरड्या पायरीवर जोडीने ठेवल्या.