पाठमोरा

ऑफिसात तिला सगळे शिंपीण म्हणत. सुईदोऱ्याशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. शर्टाचं बटण तुटलं तर बाई सरळ शर्ट बदलायची. पण गेममधली माणसं ती बनवायची ती अशीच, इकडची तिकडची ठिगळं जोडून. बसस्टॉपवरच्या कुणाची चाल उचलायची, बँकेतल्या कॅशियरची मान उचलायची, धाकट्या मावशीचं खांदे उडवणं उचलायचं आणि सगळं असं बेमालूम शिवायचं की कुठे टाका दिसू नये. ज्यांचं उचललं त्यांना पत्ताही नसायचा. एका गेममधल्या चेटकिणीकडे बघून मावशी म्हणाली होती, "कसली आगाऊ बाई आहे गं ही!" तेव्हा हसू लपवायला शिंपिणीला बाथरूम गाठावं लागलं होतं.

नव्या गेमचा नायक मात्र तिने ठिगळं जोडून केला नाही. तो अख्खाच्या अख्खा एकाच माणसाकडून घेतला, आणि तो माणूस कोण हे ऑफिसात कुणालाच सांगितलं नाही.

आता या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगितली तर पटत नाही. असल्या गेममध्ये नायकाचा चेहरा कुणी बघतच नाही. पोस्टरवर काय दिसेल तेवढाच. खेळणारा कायम त्याच्या मागे असतो. नायक चालला की आपण मागून चालायचं, तो पळाला की मागून पळायचं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत दिसते ती त्याची पाठ. नवशिके असतात ते नायकाच्या भुवया कोरण्यात महिनेच्या महिने घालवतात. मुरलेला माणूस आधी पाठीला हात घालतो.

आणि पाठ म्हटलं की शिंपिणीला एकच पाठ आठवायची, दादाची. ती शाळेत असताना तिचा हा थोरला भाऊ वडिलांशी कडाकडा भांडून घराबाहेर पडला होता. जिना उतरला, रस्ता ओलांडला, कोपऱ्यावर वळला. ती खिडकीतून बघत होती. तो काही परत आला नाही. पोलिस झाले, जाहिराती झाल्या, वडील आतल्या आत झुरून गेले, दादाची ना चिठ्ठी ना चपाटी. त्याचा चेहरा फोटोत होता, पण फोटो बघून बघून आता चेहऱ्याच्या जागी फोटोच आठवायचा. पाठ मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर होती.

राहता राहिली आई. गुडघ्यांनी तिच्याशी असहकार पुकारला होता, तरी फोन वाजला की सगळ्यांत आधी तीच उठायची. राँग नंबर लावणाऱ्याशीही मायेने बोलायची, न जाणो. घर बदलायचा विषय काढला की तिचं उत्तर ठरलेलं, "आणि तो आला तर कुठे शोधेल?" म्हणून त्या मायलेकी अजून त्याच जिन्यावर धापा टाकत होत्या.

सुट्टीच्या एका दुपारी शिंपीण जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून नायकाच्या खांद्यांशी झटापट करत होती. आई कधी मागे येऊन उभी राहिली ते कळलंच नाही.

"उजवा खांदा खाली घे," आई म्हणाली.

शिंपीण दचकली. गुन्हा करताना पकडल्यासारखे तिने कीबोर्डवरचे हात मागे घेतले.

"दप्तर त्याच खांद्यावर टाकायचा. कितीदा सांगितलं, पण ऐकलं का मेल्याने?" आई बोलून गेली आणि त्या शेवटच्या शब्दासरशी तिने तोंडावर हात ठेवला. मग खुर्ची ओढून शेजारी बसली. "मान एवढी ताठ नाही गं त्याची. आणि डावी टाच घासतो चालताना. चपला तिथेच झिजायच्या."

त्यानंतर ते दोघींचं कामच होऊन बसलं. रोज संध्याकाळी शिंपीण घरी आली की आई चष्मा पुसून तयार. एवढी वर्षं दादाचं नाव निघालं की त्या घरात कुणीतरी उठून स्वयंपाकघरात जायचं. आता त्याच्या कोपरांवरून दोघी भांडायला लागल्या. शिंपिणीला बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. एका संध्याकाळी आईने स्क्रीनवरच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चालायला लागला की घरी आण हं त्याला. मला बघायचाय." त्या "घरी आण"ने शिंपिणीच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण ती हो म्हणाली.

ऑफिसात त्या पाठीचं कौतुक झालं. गेमची सगळी सूत्रं ज्यांच्या हातात होती त्यांना कप्तान म्हणत. ते सहसा कुणाला चांगलं म्हणायचे नाहीत, जणू त्यांच्या खिशातून जाणार होतं. तेसुद्धा म्हणाले, "मागे उभं राहिलं तर याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटतो." मग लगेच, "आता याचं मरण कर."

मरणही बनवावं लागतं. उंचावरून पडून, पाण्यात बुडून, आगीत, तलवारीने, अशी निरनिराळी. शिंपिणीने ती हात आखडता घेऊन केली. बुडण्यावर कप्तानांनी शेरा मारला, "बुडताना फार सभ्य वाटतोय," म्हणून तेवढं परत करावं लागलं. त्या आठवड्यात संध्याकाळी लॅपटॉप उघडायचं तिने टाळलं. आईला सांगितलं, डोळे दुखतायत.

आणि रिकामपण. खेळणाऱ्याने कुठलंच बटण दाबलं नाही तर नायकाने काय करायचं, त्याला ऑफिसात रिकामपण म्हणत. नायक मान खाजवतो, पाय बदलतो, वर बघतो आणि पुन्हा मान खाजवतो. शेवट सुरुवातीला जोडून द्यायचा, म्हणजे ते आपोआप फिरत राहतं. तेवढंच शिंपिणीकडून राहून गेलं. दादाने वर बघितल्यावर पुढे काय करायला हवं हे तिला ठरवता येईना. उद्या करू म्हणून तिने शेवट सुटा ठेवला आणि मरणांच्या गडबडीत विसरली. त्याने कुणाचं काही अडलं नाही. गेम खेळणारा माणूस एवढा वेळ हात बांधून बसतो कशाला?

अडलं ते खोडकिड्याचं. खोडकिडा म्हणजे गेममधल्या चुका शोधणारा. दिवसभर गेम खेळायचा पगार घेणारा, पोट सुटलेला, दोन पोरींचा बाप. हे काम आहे यावर त्याच्या बायकोचा अजूनही विश्वास बसला नव्हता. एके दिवशी तो शिंपिणीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"शिंपीणबाई, तुझा पोरगा फिरायला जातो."

"म्हणजे?"

"मी त्याला बाजारात उभा केला आणि जेवायला गेलो. परत आलो तर हा पुलाखाली. काल तेच, परवाही तेच. म्हटलं, कुणीतरी माझी फिरकी घेतंय. म्हणून आज दाराला कुलूप लावून गेलो."

"मग?"

"पुलाखालीच," खोडकिडा म्हणाला. तो हसत नव्हता. "आणि गंमत म्हणजे पुलाखाली काही नाहीच. गाव बनवणाऱ्यांना विचारलं मी. म्हणाले, तिथे कोण मरायला जाणार, म्हणून आम्ही काही केलंच नाही."

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत शिंपीण त्याच्या खोलीत एकटी बसली. नायकाला बाजारात उभा केला, कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि हात मांडीखाली दाबून धरले. नायकाने मान खाजवली. पाय बदलला. वर बघितलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. बाहेरून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता. तिला वाटलं, खोडकिड्याने आपल्याला चांगलंच बनवलं.

आणि तो निघाला.

तिने दिलेल्या चालीनेच निघाला, डावी टाच घासत. पण कुठे वळायचं हे तिने त्याला कधीच शिकवलं नव्हतं. बाजार मागे पडला, गिरणी मागे पडली. पुलाशी आला तसा कडेच्या पायऱ्यांनी खाली उतरायला लागला. त्या पायऱ्या कुणी बांधल्या होत्या देव जाणे. खाली ओल चढलेली भिंत होती. पुठ्ठा अंथरलेला होता. तो पुठ्ठ्यावर बसला, मग कुशीवर आडवा झाला, गुडघे पोटाशी घेतले आणि तळहात गालाखाली घातला. दादा तसाच झोपायचा. हे तिने कुणाला दाखवलं नव्हतं. आईनेही कधी त्याचा विषय काढला नव्हता.

त्याची पाठ श्वासाबरोबर वरखाली होत होती. गेममधलं प्रत्येक माणूस श्वास घेतं, ते पहिल्याच दिवशी बसवून टाकायचं असतं आणि ते थांबवायची सोयच नसते. शिंपीण बघत राहिली. श्वास सावकाश झाला. मग एकदा वर गेलेली पाठ खाली आली आणि पुन्हा वर गेली नाही.

हे मरण तिने केलेलं नव्हतं. पण ते कुणाचं होतं हे तिला कळलं, अगदी स्वच्छपणे कळलं.

कप्तानांना यातलं काही सांगण्यात अर्थ नव्हता. खोडकिड्याने तक्रार नोंदवली होतीच. "रिकामपणाचा शेवट सुटा राहिलाय तुझा," कप्तान म्हणाले, "जोडून टाक. उद्या गेम बाहेर पाठवायचाय. एवढ्याशा गोष्टीला तोंड कशाला पाडतेस?"

काम खरंच एवढंसं होतं. दोन टोकं जोडली की नायक जन्मभर बाजारात मान खाजवत उभा राहिला असता. आईलाही काही कळलं नसतं. ती फोनला धावत राहिली असती, त्याच जिन्यावर धापा टाकत राहिली असती आणि वाट बघत बघत एक दिवस गेली असती. किंवा मग तिला दाखवायचं आणि जिच्या जोरावर ती तगून होती ती वाटच काढून घ्यायची. यातलं आईला जास्त काय मारेल, हे शिंपिणीला ठरवता येईना. शेवटी तिने बरं नसल्याचं सांगितलं आणि गेम घेऊन भर दुपारी घरी आली.

आईने दार उघडलं, तिच्या हातातली पिशवी बघितली आणि म्हणाली, "आणलास?"

टीव्हीला सगळं जोडून होईपर्यंत आईने केस नीट केले आणि पदर सारखा केला. पाहुणा यायचा असल्यासारखी ती खुर्चीत बसली. शिंपिणीने कंट्रोलर पुढे केला तर म्हणाली, "मला नाही ती दाबादाबी जमायची. मी नुसती बघते."

"आई," शिंपीण म्हणाली, "तो... तो कुठेतरी जातो. तुला बघवेल ना?"

आईने तिच्याकडे बघितलं. "अगं, तुला काय वाटतं, मी एवढी वर्षं काही बघितलंच नसेल? डोळे मिटले की रोज नवीन काहीतरी दिसतं. कधी गाडीखाली, कधी विहिरीत. लाव तू."

तो बाजारात उभा राहिला. मान खाजवली, पाय बदलला, वर बघितलं. मग निघाला. आई खुर्चीत पुढे सरकली. त्याच्या डाव्या टाचेकडे बघून मान डोलावली. गिरणीपाशी म्हणाली, "सावकाश रे." पुलाच्या पायऱ्या आल्या तेव्हा तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

पहिल्या पायरीवर तो थांबला. ऑफिसात तो थांबला नव्हता. शिंपिणीने कंट्रोलरकडे बघितलं; तो टेबलावर होता, दोघींच्याही हातापासून लांब.

तो वळला.

चेहऱ्यावर शिंपिणीने काही केलेलंच नव्हतं. कंपनीच्या साठ्यातला एक तयार गुळगुळीत चेहरा चिकटवून ठेवला होता. तो चेहरा हा नव्हता. गाल आत गेले होते, ओठ फुटले होते, हनुवटीवर वाढलेली दाढी होती. दादाला घरात कुणी दाढीत पाहिलं नव्हतं. त्याने सरळ त्यांच्याकडे बघितलं. आधी शिंपिणीकडे, मग आईकडे. आईवर त्याची नजर ठरली. मग पाठ फिरवून तो पायऱ्या उतरला.

पुढचं शिंपिणीला ठाऊक होतं. तो बसला, आडवा झाला, तळहात गालाखाली घातला. पाठ वरखाली होत राहिली. मग सावकाश. मग थांबली.

शिंपिणीला ते सोसवेना. कुठलंही बटण दाबलं तरी तो उठून उभा राहिला असता, नायक असतातच त्यासाठी. तिने झडप घालून कंट्रोलर उचलला. अंगठा बटणावर टेकतोय तोच आईने तिचं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"नको उठवूस," आई म्हणाली. "किती दमलाय बघ."

दोघी तशाच बसून राहिल्या. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं आणि मावळलं. मध्ये कधीतरी फोन वाजला. शिंपिणीने सवयीने आईकडे बघितलं. आई उठली नाही. फोन वाजून वाजून बंद झाला.

मग आई म्हणाली, "दाढी वाढली होती गं त्याची."

"हो."

"म्हणजे महिनाभर तरी होता." तिने पदराने डोळे टिपले. "महिनाभर होता, आणि घरी यायला लाजला मेला."

या खेपेला तिने तोंडावर हात ठेवला नाही.