‘कॉलरा नाही’

वसुमतीने काचेची बशी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. बशीभर आजाऱ्यांच्या जुलाबातून काढलेल्या जंतूंचा गढूळ पापुद्रा वाढला होता आणि त्यावर आदल्या दिवशी तिने फाजचे पाच थेंब सोडले होते. फाज म्हणजे जंतूंना मारणारा विषाणू. हा कॉलऱ्याचा फाज होता. जंतू कॉलऱ्याचा असता, तर थेंब पडला तेथे तो मरून स्वच्छ गोल खिडकी दिसायला हवी होती. एकही दिसत नव्हती.

“झाले तर,” मागून प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर हनुमंतराव म्हणाले. “कॉलऱ्याच्या सीरममध्ये जंतूंच्या गुठळ्या होत नाहीत, फाज ओळखत नाही. लिही, कॉलरा नाही.”

१९९३चा फेब्रुवारी होता. तिरुवैयारूपलीकडच्या एका गावात लग्न झाले आणि दुसऱ्याच दिवशी तिथली माणसे तंजावूरच्या इस्पितळात येऊ लागली. चौदा जण आले, तिघे गेले. सगळे धडधाकट, कर्ते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, सुरकुतलेली बोटे. वसुमती या प्रयोगशाळेत बारा वर्षे काढलेली बाई. सूक्ष्मदर्शकाखाली स्वल्पविरामासारखे ते जंतू सुसाट धावताना तिने स्वतः पाहिले होते.

“सर, जंतूच्या आत काय आहे ते फाजला कळत नाही,” ती म्हणाली. “त्याच्या शेपटीचे तंतू जंतूच्या अंगावरच्या साखरेच्या साखळ्या चाचपतात. ओळखीची साखळी लागली तरच तो चिकटतो. या जंतूने ती साखळीच बदलली असेल तर? आतले विष तेच असेल.”

“असेल! पुस्तकात कोठे आहे? साथ आणणारा कॉलरा एकाच जातीचा असतो.”

दोघेही तंजावूरच्या मराठी घरांतले; हनुमंतराव घरच्यासारखे मराठीत सुरू करीत आणि चिडले की इंग्रजीत शिरत. आता ते इंग्रजीत शिरले. वरून फोन येऊन गेला होता. जिल्ह्यात कॉलरा आहे हे कुणालाच ऐकायचे नव्हते.

वसुमतीने अहवाल लिहिला आणि तपासणारी म्हणून खाली सही केली. ती सही करायला नको होती, हे तिने पुढे कधी नाकारले नाही.

कॉलरा नाही, म्हणजे अन्नात विष, असा पोलिसांनी सरळ अर्थ लावला. लग्नाचा आचारी वेंकटेश याला त्यांनी उचलून नेले.

दोन दिवसांनी त्याची बायको सरोजा प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. वकिलाकडून आणलेली अहवालाची प्रत तिने टेबलावर आपटली.

“हे तुम्ही लिहिलेत कां?”

“हो.”

“माझा नवरा तेवीस वर्षे लग्नांत रांधतो. आधी स्वतः चाखतो, मग पंगतीला वाढतो. त्याला कां काही झाले नाही? लोकांनी आमच्या पातेल्यांना भोके पाडली. पोलीस त्याला मारतात आणि विचारतात, कसले विष घातलेस? कसले? नाव सांगा की! काय नाही ते तुम्ही लिहिलेत. काय आहे ते कोण लिहिणार?”

वसुमतीने ती प्रत उलटी केली आणि पेन उघडले. तिने विचारले, “पाणी कोठले होते, अक्का?”

“स्वयंपाकाचे उकळलेले. प्यायचे मुलीकडच्यांनी पिंपांत भरून ठेवले होते. कालव्याचेच, दुसरे कोठले?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने वसुमती त्या गावी गेली. धरणाचे पाणी बंद झाल्याने कालव्यात हिरवट डबकी आणि त्यांना जोडणारी बारीक धार उरली होती. वरच्या पायऱ्यांवर बायका आजाऱ्यांची पांघरुणे धूत होत्या, खालच्या अंगाला मजुरांच्या वस्तीतल्या बायका घागरी भरत होत्या. त्या वस्तीतली सुंदरी आदल्या संध्याकाळी जुलाबांनी घरातच दगावली होती. तिचा नवरा गोपालकृष्ण उंबऱ्यात बसला होता.

“लग्नात जेवला होतात का?” वसुमतीने तमिळमध्ये विचारले.

“आम्हाला तिथे कोण बोलावणार? आम्ही त्यांच्या खालचे पाणी पितो, बस्स. आता तुमच्या कागदावर तिलाही आचाऱ्यानेच मारले का?”

तिने चार बाटल्या भरल्या, एक गावाच्या वरच्या अंगाची आणि तीन खालची. प्रयोगशाळेत ते पाणी जंतू अडवणाऱ्या गाळणीतून गाळले, इस्पितळातल्या रुग्णांच्या जंतूंबरोबर रात्रभर ठेवले, पुन्हा गाळले आणि त्याचे थेंब त्याच जंतूंच्या पापुद्र्यावर सोडले. दुसऱ्या दिवशी वरच्या बाटलीच्या जागी काही नव्हते. खालच्या तिन्हींच्या जागी मात्र स्वच्छ गोल खिडक्या पडल्या होत्या. तेच थेंब तिने जुन्या कॉलऱ्याच्या जंतूवरही टाकले होते. तो जसाच्या तसा होता. ही बदललेली साखळी ओळखणारा फाज कालव्यात होता, आणि फाज माजतो तो जिथे त्याचा जंतू माजलेला असतो तिथेच.

हनुमंतरावांनी बशा बराच वेळ पाहिल्या.

“दुरुस्ती पाठवायची तर पहिला अहवाल चुकला म्हणावे लागेल.”

“चुकलाच.”

“थोडी थांब. मद्रासकडेही असलाच नवा प्रकार निघालाय म्हणतात. तिथून छापून येऊ दे.”

वसुमतीने बशी खाली ठेवली. “हे तुम्हाला कधी कळले?”

“झाले असतील पंधरा-वीस दिवस.”

“म्हणजे लग्नाच्या आधी? ठाऊक असून माझ्याकडून ‘कॉलरा नाही’ लिहून घेतलेत?”

“ओरडू नकोस.”

“ओरडणार! एक माणूस कोठडीत मार खातो आहे. सुंदरी नावाची बाई त्या कागदानंतर मेली, सर. कालवा बंद केला असता तर ती जगली असती. आणि तुम्ही छापून यायची वाट पाहता?”

ते इंग्रजीत काही बोलू लागले. ती ऐकायला थांबली नाही. दुसरा अहवाल तिने एकटीच्या सहीने लिहिला आणि सरोजाच्या वकिलाच्या हातात दिला.

जामिनाच्या सुनावणीच्या दिवशी ती बशा घेऊन कोर्टात उभी राहिली. सरकारी वकिलाने विचारले, “यावर प्रमुखांची सही कुठे आहे?”

“त्यांना बोलवा,” ती म्हणाली. “मद्रासची बातमी आपल्याला ठाऊक नव्हती, असे त्यांनी शपथेवर सांगावे.”

मॅजिस्ट्रेटनी हनुमंतरावांना समन्स काढले. समन्स पोहोचले त्याच संध्याकाळी त्यांनी दुरुस्ती सही करून पाठवली. अकराव्या दिवशी वेंकटेश सुटला. उजव्या हाताची दोन बोटे त्याला वळवता येत नव्हती. वसुमतीला शिस्तभंगाची नोटीस मिळाली. तिने ती वाचून पिशवीत टाकली आणि त्या रविवारी ब्लीचिंग पावडरच्या दोन पिशव्या घेऊन पुन्हा गावी गेली.

मारियम्मनच्या देवळापुढे माणसे जमली होती. तिने काही न लपवता सांगितले, “आमचा कागद खोटा होता. खाली माझी सही होती. रोग पाण्यात आहे. वेंकटेशने काही केले नाही.”

गोपालकृष्ण पुढे आला. “खोटा होता? तुम्ही ते आता सांगता? तुमच्या भरवशावर आम्ही तेच पाणी प्यालो.” तो खूप वेळ बोलला, शिव्याही दिल्या. एकाने त्याचा दंड धरला तेव्हा वसुमती म्हणाली, “बोलू द्या त्यांना.” ती शेवटपर्यंत मान वर ठेवून ऐकत राहिली. त्यातले एक अक्षरही तिला जास्त वाटले नाही.

मग पंचायतीचा अध्यक्ष सांगू लागला. गावाला बोअरवेल आहे, फक्त मोटर बिघडलेली आहे. तिचा भाग त्रिचीहून पुढल्या महिन्यात येईल.

“किती दिवस बंद आहे?” वसुमतीने विचारले.

“पोंगलपासून.”

म्हणजे संक्रांतीपासून, लग्नाच्याही आधीपासून. गोपालकृष्ण वळून अध्यक्षाच्या घराकडे चालू लागला. त्या घराच्या परसात स्वतंत्र मोटर होती आणि ती रोज चालत होती, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होते. वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन त्याच्यामागे निघाल्या. वसुमतीही निघाली. फाटकाला कुलूप होते. तिने ते दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायला सुरुवात केली.