डाव्या डोळ्याचं पाणी

माझा डावा डोळा दोन वर्षं गळतोय. रुमिनी, माझी बायको, रोज म्हणायची, "दाखवून या." मी विड्याच्या पानांच्या पाण्यानं डोळा धुवायचो आणि चुलाण्यापुढे जाऊन बसायचो. आम्ही माडाच्या रसाचा गूळ करतो. धुरानं होत असेल, असं मला वाटायचं.

गेल्या महिन्यात ती गेली. कफनात चेहरा झाकण्याआधी घरच्यांनी वाकून बघायचं असतं, पण मयतावर आसू पडू द्यायचं नसतं. पडलं तर जाणाऱ्याची वाट जड होते. मी वाकलो तसा मोदिननं खांदा धरला. गावातल्या मयतांचं सगळं तोच बघतो.

"पाक दारसुन, आधी डोळे पुसा." मोठ्या पुरुषाला आमच्याकडे पाक म्हणतात, बाईला बु.

पुसले. डावा पुन्हा भरला.

"राहू द्या," म्हणत त्यानं चेहरा झाकला.

तेव्हापासून गावात माझा मान वाढला. शेजारची बु कारसिना तर येता-जाता आपल्या नवऱ्याला ऐकवते, "बघा, याला म्हणतात नवरा. तुम्ही माझ्या मयताला जेवून याल."

मी रडून डोळे घालवीन, या भीतीनं काल मुलगी, तसरिया, मला शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"आई गेल्यापासून," तसरिया म्हणाली. मी मान हलवली.

बाईंनी नाकाजवळ, डोळ्याच्या कोपऱ्यात बोट दाबलं. कोपऱ्यातून पू आला.

"हे महिन्याभराचं वाटत नाही, पाक. खरं सांगा."

"दोन वर्षं झाली. विड्याच्या पानांच्या पाण्यानं धुतो."

"डोळ्यातलं पाणी नाकात उतरतं, ती नळी बुजलीय. म्हणून ते बाहेर गळतं. रडण्याशी याचा संबंध नाही. आधी औषधानं पू जाऊ दे, मग ऑपरेशन करून नवी वाट काढू. आणि ते पानांचं पाणी बंद. डोळा म्हणजे काय पातेलं आहे घासायला?"

बाहेर स्कूटरपाशी तसरिया हेल्मेट हातात धरून उभी राहिली.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही रडत नव्हता."

"नाही."

"मग मोदिनला सांगायचं ना, रोग आहे म्हणून. डोळ्यावर फडकं दाबून बघता आलं असतं. आईचा चेहरा दिसला असता, बाबा."

तेव्हा माझ्यामागे कुणीतरी "बिचारा" म्हणालं होतं. ते मी ऐकलं होतं. रोग आहे म्हटलं असतं, तर बायको समोर आणि डोळे कोरडे, असं झालं असतं.

"लोक होते," मी म्हणालो.

तिनं हेल्मेट घातलं. स्कूटर थेट घरापर्यंत आणली.

दारात बु कारसिना कच्च्या फणसाच्या भाजीचा वाडगा घेऊन उभी होती.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"नळी बुजलीय," मी म्हणालो. "जुना रोग आहे. रुमिनी असतानाचा. त्या दिवशी मी रडत नव्हतो."

ती तसरियाकडे बघून हळूच म्हणाली, "पुरुषांना लाज वाटते गं रडल्याचं सांगायला."

तसरियानं वाडगा घेतला आणि आत निघून गेली. माझा डोळा पुन्हा भरला होता. बु कारसिनासमोर मी तो पुसला नाही.